नदीवरच्या मोटरीचा फोन

"जालिंदरमामा, तुम्ही पोरींचे मोबाईल चोरून ऐकता का ओ?"

विचारलं एकदाचं! धनश्रीनं पैज लावली होती, की समृद्धी, म्हणजे मी, दुकानात शिरेल, रिचार्ज मारेल आणि गप परत येईल. ती आणि शितल दारात उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढत होत्या. आमच्या वडगाव रासाईत मोबाईलच्या आतलं सॉफ्टवेअर बदलून देणारा माणूस एकच, त्यामुळं संशयितही एकच.

झालं होतं असं. मंगळवारी क्लास सुटल्यावर आम्ही पाणीपुरी खाल्ली, आणि मी घरात पाऊल टाकते तोच आई म्हणाली, "तिखट हुती का गं?" बुधवारी मी गणिताच्या सरांची नक्कल केली, तर जेवताना आप्पा, माझे वडील, म्हणाले, "मास्तरांची टिंगल करू न्हाई." शितल म्हणाली धनश्री चुगली करते, धनश्री म्हणाली शितल. मग दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. मी आले की बोलणं बंद. बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, आणि मला विचारतात काय, तर गृहपाठ झाला का! चुगली कुणीच करत नसेल, तर फोनमधूनच कुणीतरी ऐकत असणार, असं माझ्या डोक्यात आलं. मला त्या परत पाहिजे होत्या, म्हणून तर पैज घेतली.

मामांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "अगं भवाने, दिवसाला ईस फोन येत्यात माझ्याकडं. तुमचं खिदळणं ऐकत बसू का धंदा करू? आण हिकडं." त्यांनी फोन उलटासुलटा केला. "हा आप्पांचा नदीवरचा न्हवं?"

तोच होता. भीमेवरच्या आमच्या मोटरीच्या पेटीत दोन वर्षं पडून होता. यंदा आप्पांनी मोटरीला चालू-बंद मोबाईलवर कळवणारा नवा स्टार्टर बसवला आणि हा फोन, सिमकार्डासकट, मला मिळाला.

"मग ह्याच्यात मीच दुसरं सॉफ्टवेअर टाकलंय," मामा म्हणाले. "आप्पांनी घरनं फोन लावायचा, ह्यानं आपला आपण उचलायचा. रिंग न्हाई, उजेड न्हाई. चोराला कळाय नको ना. मोटरीची घरघर ऐकू आली, म्हंजी पाणी चालू. फक्त आप्पांच्या नंबराला हां, बाकीच्यांना साधा वाजतो."

"म्हंजी आप्पा..."

"मी कुठं काय म्हणलं? त्यांच्या ध्यानातबी नसंल. काढून टाकू?"

"नको. दोन दिवस राहू द्या."

पण काढायचं कसं, ते मात्र मी शिकून घेतलं. बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की लपलेली सेटिंग उघडते. मग केबल, लॅपटॉप आणि कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर. सगळं वहीत उतरवलं.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर बाकावर फोन मधोमध ठेवला आणि तिघी भोवती बसलो. आधी ठरलं होतं तसं शितल ठसक्यात म्हणाली, "मग, उद्या क्लास बुडवून दौंडला ना? स्टेशनावर रेल्वे बघू."

"जायचं की! घरी कुणाला सांगू नका," मी.

धनश्रीनं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. फोन काळाच्या काळा. हात लावून बघितला, तर पाठ गरम, म्हणजे आतून काहीतरी चालू.

घरी आप्पा आणि आई क्रेटमध्ये शेवंती भरत होते. आप्पा वर न बघता म्हणाले, "उद्या क्लास हाय ना?"

"हाय की."

"न्हाई म्हणलं, शनवारी दौंडच्या गाडीला लई गर्दी असती."

खरं सांगते, माझा अंदाज चुकावा असं शेवटपर्यंत वाटत होतं.

"आप्पा, दौंडला कुणीच जाणार न्हाई. ते तुम्ही ऐकताय का बघायला बोललो."

आईचा हात फुलांतच राहिला. आप्पांनी भरलेलं क्रेट उगाच पुन्हा हलवलं. "पयल्यांदा सवयीनं लागला गं. दोन वर्षं सांजच्याला त्योच नंबर लावतोय. मोटरीची घरघर यायची, तिथं तुझं हसणं आलं. घरात कवा हसतीस एवढी? मग रोज लावाय लागलो."

"मला सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर बोलली असतीस व्हय तशी?"

"काळजीपोटीच ऐकतो ना आम्ही," आई म्हणाली.

"माझी काळजी, मान्य. पण शितल तिच्या घरातली भांडणं सांगती आम्हाला, रडती. तेबी ऐकलं ना तुम्ही?"

आप्पांची मान खाली गेली. मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही.

"उद्या क्लास सुटला की मी मामांच्या दुकानात बसून हा फोन कोरा करणार. माझ्या हातानं. शितल-धनश्रीला सगळं खरं सांगणार. मग तुम्ही रोज लावा फोन, आप्पा. वाजंल. मी उचलीन, तुमच्याशी बोलीन, हसीनबी. पण उचलायचा मी."