डाव्या बाजूचा कॅलिपर

मित्रांनो, मी मोटारीच्या ब्रेकचा एक कॅलिपर आहे. आता जुना झालो आहे. नाव ऐकून गोंधळू नका. मोटारीच्या चाकाआड एक लोखंडी चकती फिरत असते. चालकाने ब्रेकवर पाय दिला, की ती चकती दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरायची, हे माझं काम. गाडी पळते तेव्हा लोक इंजिनाचं कौतुक करतात. ती वेळेवर थांबते तेव्हा कुणी अवाक्षर काढत नाही. असो, चालायचंच.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड केला, घासला आणि माझ्या पोटात चार जाडजूड पिस्टन बसवले. माझ्यासोबत माझा जुळा भाऊही जन्मला. त्याच्या पाठीवर 'आर' हे अक्षर उमटवलं, म्हणजे उजवा. माझ्या पाठीवर 'एल', म्हणजे डावा. आम्हाला एका काळ्या, अवजड आणि वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाडीला जोडलं. ती गाडी बल्गेरियात, सोफिया शहरातल्या दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतली.

बाई गाडी बेफाम हाकायच्या. एकदा घाटात अचानक हरीण आडवं आलं. बाईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला आणि आम्ही दोघा भावांनी ती डोंगराएवढी गाडी जागच्या जागी उभी केली. बाई खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडल्या. मग त्यांनी गाडीच्या बॉनेटवर मायेने थोपटलं. बॉनेटवर हं! त्याने काय केलं होतं, देव जाणे. पण मला मनातून फार बरं वाटलं. एक जीव वाचला, तो आपल्यामुळे, एवढं मला पुरेसं होतं.

पुढे त्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं. बाई वाचल्या, गाडी संपली. आमच्याकडे भंगार गाड्यांच्या वाड्याला लोक मोटारींचं शवागार म्हणतात. तिथे आम्ही दोघं पावसात आणि बर्फात पडून राहिलो. कुत्री अंगावर तंगडी वर करून जायची. कोणी विचारलं नाही.

आणि एके दिवशी ओग्न्यान आला. डोंगरातल्या एका लहानशा गावाचा मेकॅनिक. रुंद खांद्यांचा, गडगडून हसणारा, ओठांवर कायम शिट्टी असणारा माणूस. त्याने आम्हाला हातात घेतलं, बोटाने चिखल पुसला आणि ओरडला, "अरे, हे तर हत्ती थांबवतील! आमच्या यावरची चिमणीएवढी गाडी काय चीज आहे?"

यावर हे त्याच्या धाकट्या भावाचं नाव. तो गावातली शाळेची बस चालवायचा आणि वर्षातून एकदा, सप्टेंबरात, डोंगरावरच्या चढाच्या शर्यतीत उतरायचा. त्याची गाडी लहान, पांढरी. ओग्न्यानने तिच्यात दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवलं होतं, पण ब्रेक मात्र मूळचेच, नाजूक. आदल्या वर्षी एका वळणावर ते तापून सुस्तावले आणि यावर कठड्याला घासत कसाबसा वाचला. तेव्हापासून ओग्न्यानला धड झोप लागत नव्हती. भावाला वाचवायचं म्हणून त्याने आम्हाला आणलं. हे लक्षात ठेवा मित्रांनो. आम्हाला आणलं ते केवळ मायेपोटी.

त्याने आम्हाला घासून पुसून लाल रंग दिला. मी तर नव्या नवरीसारखा दिसायला लागलो. त्याची बायको रुम्याना गरम बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पेस्ट्रीचं ताट घेऊन गॅरेजात आली. चीजचा वास घमघमत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"काय रे, लग्नाला इतकी वर्षं झाली. मला कधी इतक्या मायेने पुसलंस का?"

"तू कुठे गाडी थांबवतेस?" ओग्न्यान म्हणाला.

"गाडी नाही, पण तुझी बडबड थांबवते. घे, खा आधी." तिने बानित्साचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. दारात उभा असलेला यावर पोट धरून हसला. तिघांचं मेतकूट असं जमलं होतं, की बघत राहावं.

आता जरा नीट ऐका, कारण सगळं इथेच घडलं. त्या मोठ्या काळ्या गाडीत मी चाकाच्या आसाच्या मागे बसायचो. या छोट्या गाडीत कॅलिपरची जागा आसाच्या पुढे होती. ओग्न्यानने जोडपट्ट्या घडवल्या, मापं बिनचूक घेतली, काम सुबक केलं. मग त्याने माझ्या पाठीवरचं अक्षर पाहिलं. डावा तो डावीकडे, उजवा तो उजवीकडे. कुणीही हेच केलं असतं. पण आसाच्या मागचा कॅलिपर त्याच बाजूला आसाच्या पुढे आणून बसवला, की तो उलटा होतो. मी उलटा झालो. माझ्या अंगावर एक छोटा स्क्रू आहे, ब्रेकच्या तेलातली हवा बाहेर काढायचा. तो नेहमी वर असावा लागतो, कारण हवा वर जाते. माझा तो स्क्रू खाली गेला. आम्हाला डावं-उजवं बदलून लावायला हवं होतं. एवढंच. पाच मिनिटांचं काम हो!

ओग्न्यानने हवा काढायला स्क्रू सैल केला. खालून स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. तो खूश झाला. हवा माझ्या पोटात वरच्या कोपऱ्यात दडून बसली होती. आणि आत हवा राहिली, की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच जातो, पिस्टनपर्यंत पोचत नाही. मी आतून आक्रोश केला. पण धातूचा आक्रोश कुणाला ऐकू येतो?

यावर गाडीत बसला, पाय दाबला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

"दादा, पेडल मऊ लागतंय रे."

"मऊ? अरे, पिस्टन बघ केवढे आहेत. मोठ्या पोटाला तेल जास्त लागणार की नाही? दोनदा दाब."

यावरने दोनदा दाबलं. पेडल कडक झालं.

"झालं ना? उगाच म्हातारीसारखा कुरकुरू नकोस."

"तू म्हणतोस तर असेल," यावर म्हणाला. तो विषय तिथेच संपला. ओग्न्यानचं म्हणणं खोटंही नव्हतं हो. मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागतंच. म्हणून तर दोघांनाही संशय आला नाही.

शर्यतीच्या दिवशी अख्खी पंचक्रोशी डोंगरावर लोटली होती. कबाबांचा धूर, पोरांचे भोंगे, कठड्यावर बसलेली माणसं. चढ चढताना ब्रेकला फारसं काम नसतं. डोंगरच गाडीला मागे ओढतो. यावर प्रत्येक वळणाआधी दोनदा पाय दाबायचा आणि आम्ही धरायचो. गाडी बाणासारखी वर गेली. यावर पहिला आला! माथ्यावर ओग्न्यान आधीच जाऊन उभा होता. त्याने भावाला हेल्मेटसकट उचललं आणि लहान मुलासारखा रडला.

"सांगितलं होतं ना मी! हत्ती थांबवतील म्हणून!"

वळणावळणाला धरून धरून आम्ही मात्र चांगलेच तापलो होतो. माथ्यावर गाड्या नुसत्या उभ्या होत्या, अंगाला वारा नाही. चकतीची सगळी आग माझ्या पोटातल्या तेलात उतरत होती आणि आतली हवा फुगत होती.

आमच्या डोंगरावर एक रीत आहे. सगळ्या गाड्या रांगेने खाली उतरतात, लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या देतात आणि चालकाशेजारी त्याचा मेकॅनिक बसतो. चढणीचा मान चालकाचा, उतरणीचा मान मेकॅनिकचा. हेल्मेट नाही, पट्टा नाही, कारण खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हात हलवायचा असतो. ओग्न्यान ऐटीत बसला. यावरनेही एक हात बाहेर काढला. लोक त्यांच्या हातावर हात मारत होते.

उतारावर ब्रेक सारखा लागत होता. पहिल्या वळणाला आम्ही धरलं. दुसऱ्याला उशिरा धरलं. पुढे एका झऱ्यापाशी रस्ता एकदम खाली कोसळतो, तिथे यावरने पाय दिला आणि पेडल थेट तळाला गेलं.

"दादा, ब्रेक नाही!"

"दोनदा मार!"

"मारतोय! लागतच नाहीये!"

यावरने हाताचा ब्रेक ओढला. मागची चाकं किंचाळली, गाडी घसरली, पण उतार तिला ओढतच होता. समोर पुढची गाडी थांबलेली. डावीकडे कठडा, आणि कठड्याला टेकून माणसं, खांद्यावर पोरं घेतलेली. उजवीकडे खडक. मित्रांनो, विचार करायला त्याला वेळ मिळाला असेल असं मला वाटत नाही. त्याने गाडी खडकावर घातली. आमच्या देशात चालक डावीकडे बसतो. खडकावर आदळली ती उजवी बाजू.

माझा जुळा भाऊ तिथेच फुटला. ओग्न्यानही तिथेच गेला. मी डावीकडचा म्हणून शाबूत राहिलो. यावरच्या कपाळाला नुसता ओरखडा.

चौकशी झाली. साहेबांनी टायर पाहिले, रस्त्यावरचे ओरखडे मोजले, लोकांचे जबाब घेतले. चालकाचा एक हात खिडकीबाहेर होता, उतारावर वेग आवरला नाही, ब्रेक तापवले, असं ठरलं. माझ्याकडे कुणी वाकून पाहिलं नाही. यावरचा परवाना गेला, शाळेची बस गेली. आणि गावाची जीभ तर तुम्हाला माहीतच आहे. दुकानात, चौकात, चर्चच्या पायऱ्यांवर एकच कुजबुज, "बघा, स्वतःची बाजू बरोब्बर वाचवली." कठड्यापाशी उभे असलेलेही तेच म्हणत होते. त्यांची पोरं धडधाकट घरी गेली होती, आणि तरीही!

रुम्याना तर त्याच्याशी बोलायचीच बंद झाली.

शरद सरत आला तेव्हा तिने निरोप धाडला, की अंगणातून ती गाडी उचल, मला दिसायला नको. यावर स्पॅनर घेऊन आला. खूप वाळला होता. त्याने डावं पुढचं चाक काढलं आणि मी त्याच्यासमोर आलो. तो सुटे भाग काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याने तो स्क्रू पाहिला. खाली. मग माझ्या पाठीवरचं अक्षर पाहिलं. मग त्याचं बोट माझ्या वरच्या कोपऱ्यापाशी येऊन थांबलं. त्याला सगळं उमगलं.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटला बिचारा! आता उठेल, गावभर सांगेल, "चूक माझी नव्हती!"

तेवढ्यात रुम्याना पायरीवर आली.

"काय बघतोयस एवढं?"

यावरने बोट मागे घेतलं.

"ते त्याने बसवलेलं ना?" ती जवळ आली. कितीतरी आठवड्यांनी ती त्याच्याशी बोलत होती. "काढून दे मला. त्याचं शेवटचं काम आहे ते. लोक काहीही बोलतात. परवा त्या शेजारणीने मला तोंडावर विचारलं, ब्रेक त्यानेच बसवले होते ना गं म्हणून. मी तिला हाकलून दिलं. तू खरं सांग. काम धड होतं ना त्याचं?"

मी मनात ओरडत होतो, सांग रे, सांग! यावरने माझ्यावरून हात फिरवला.

"धड होतं, वहिनी," तो म्हणाला. "दादाचं काम होतं ते. एकदम चोख. माझंच चुकलं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली आणि यावरने सोडवून दिल्यावर मला पदराशी धरावं तसं एप्रनमध्ये गुंडाळून घेऊन गेली.

आता मी ओग्न्यानच्या थडग्यावर असतो. तिने गवंड्याकडून मला त्याच्या फोटोखाली सिमेंटात पक्कं बसवून घेतलं आहे. ती येते, मेणबत्ती लावते आणि मला फडक्याने पुसते. गावातले लोक थांबून म्हणतात, "काय हात होता माणसाचा!" ते ऐकून तिचा चेहरा उजळतो. त्या चेहऱ्याकडे पाहिलं, की मला यावरचा राग धरता येत नाही.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. माझी विनवणी एकच आहे. आमच्यासारख्या मुक्यांवरचं अक्षर वाचून थांबू नका, आम्ही कसे बसलो आहोत ते वाकून बघा. आणि कुणी म्हणालं, "मऊ लागतंय रे," तर त्याची थट्टा करू नका. हातातलं काम टाका आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासा. मायेने केलेलं कामही तपासावं लागतं. तेच जास्त तपासावं लागतं.

परवा मृतांचा शनिवार होता, गेलेल्यांच्या नावाने अन्न वाटायचा दिवस. रुम्यानाने साखर घालून शिजवलेले गहू आणले होते. थडग्यापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातावर ती एकेक चमचा वाढत होती, ओग्न्यानच्या नावाने. यावर मागच्या रांगेत उभा होता. त्यानेही हात पुढे केला. ती त्याच्यापाशी आली, क्षणभर थांबली, आणि चमचा तसाच घेऊन पुढच्या माणसाकडे गेली.