पडद्यावरचं काळं फडकं

"कागद देणार नसाल तर नका देऊ, पण निदान तोंड तरी दाखवा," बंद खिडकीच्या जाळीला नाक लावून एक ड्रायव्हर पुटपुटत होता. "सकाळपासून उभा आहे. टोमॅटो आहेत गाडीत, लोखंड नाही."

मागच्याने त्याला कोपर मारलं. त्याने वळूनही न बघता लाथ झाडली आणि मालवाहतुकीच्या त्या ऑफिसच्या आवारात रोजच्यासारखी जुंपली. बँकेतून परतलेल्या हिशेबाच्या मावशी पर्स छातीशी धरून भिंतीच्या कडेने सरकल्या. कुणाचा ओठ फुटला होता, कुणाची बाही दुसऱ्याच्याच मुठीत राहिली होती. तेवढ्यात खिडकी उघडली आणि आतून छापील कागदांचा गठ्ठा बाहेर आला. मारामारी जागच्या जागी थांबली. ज्याने कॉलर धरली होती त्याने कॉलर सोडली आणि कागद धरला.

आत सगळं ऑफिस हात जोडून उभं होतं. कोपऱ्यातलं कॉपियर धडाधड कागद बाहेर टाकत होतं. सगळ्या गाड्यांचे कागद त्याच्यावरच छापले जात, आणि गेला महिनाभर ते मधेच नेटवर्क सोडून मुकं बसायचं. बंद करून चालू केलं की थोडा वेळ शहाण्यासारखं वागायचं, मग पुन्हा रडकथा. आज त्याच्या छोट्या पडद्यावर काळं फडकं आवळलेलं होतं, आणि मालकांच्या खुर्चीत तरंगबाबा घाम पुसत बसले होते.

"अतृप्त लहर होती," बाबा म्हणाले. "तुमच्या वायफायच्या लहरीत शिरली होती. एवढं आकाश मोकळं पडलंय, पण तिला हेच ऑफिस आवडलं. बांधली आता. फडकं सोडायचं नाही. पडद्याकडे जो बघेल त्याच्या डोळ्यांतून ती आत जाईल."

रिसेप्शनवालीने लगेच डोळे मिटले.

मावशींनी खोलीभर नजर फिरवली. "माझी भाची कुठाय?"

डिस्पॅचला बसणारा पैलवान, दार अडेल एवढा माणूस, आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "बाथरूममध्ये आहे. पडली जरा."

भाची बेसिनला धरून उभी होती. कुडता पाठीला चिकटला होता. मानेपासून खाली जोडीजोडीने वळ उठले होते, दुहेरी केलेल्या वायरीचे. दोन्ही मनगटांवर बोटं उमटली होती, जाडजूड, पुरुषाची.

"पडल्यावर मनगटाला बोटं उमटत नाहीत, बाळा."

"मावशी, कुणाला काही बोलू नकोस ना. ही नोकरी गेली तर काका मला उजवूनच मोकळे होतील. त्यांनी स्थळ बघून ठेवलंय."

झालं होतं असं, की भाची कामाला लागली आणि त्याच आठवड्यात मशीन बिघडलं. ही जवळ बसली की ते बंद पडतं, असं आधी रिसेप्शनवाली म्हणाली, मग सगळेच. आता तिचं टेबलच मशीनशेजारी, तर बसणार कुठे, छतावर? मालक बाहेरगावी असले की ती तिथेच असायची आणि मशीन दिवसभर सुरळीत चालायचं. ते कुणी लक्षात ठेवलं नाही. मशीन बंद पडलं की सगळे तिच्याकडे बघायचे, चाललं की कुणीच बघायचं नाही. आवारात एकाचा दात पडला, दगडाने काच फुटली, आणि प्रत्येक वेळी बोट तिच्याकडे गेलं. शेवटी मालकांनी बाबांना बोलावलं आणि मावशींना बँकेत धाडलं.

बाबांची करामत जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकली. सुट्टीत सगळ्यांना फोन परत मिळाले, आणि मशीन पुन्हा मुकं. बाबांचा निरोप आला, "मूळ आत राहिलंय. उद्या उपटतो. मुलगी हजर ठेवा."

संध्याकाळी पाठीला मलम लावताना मावशींनी विचारलं, "मला पहिल्यापासून सांग. आधी काय केलं?"

"आधी सगळ्यांचे फोन बंद करवले आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. म्हणे, लहर फोनात लपते."

"लहर नाही गं, कॅमेरा. मारताना कुणी चित्रण करू नये म्हणून. मग?"

"मग मशीन बंद केलं. मग मला..." ती थांबली. "मग बाहेर काढलं आणि मशीन चालू केलं. लागलीच चाललं."

मावशींचा हात पाठीवरच थांबला. हिशेब जुळला नाही की त्या एका वेळी एकच नोंद उलटवून बघत. दोन एकदम उलटवल्या, तर चूक कुठली ते कळायचं कसं? इथे पोर बाहेर गेली होती आणि फोनही बंद झाले होते. सगळ्यांनी पोर तेवढी धरली.

दुसऱ्या दिवशी बाबा दुहेरी वायर हातात घेऊनच आले. फोन पेटीत गेले. पैलवान भाचीकडे सरकला, तशा मावशी पेटी कवटाळून मध्ये उभ्या राहिल्या.

"बाबा, आज क्रम बदलू. आधी मशीन लावा, मग मारा."

"बाई, ती इथे असताना चालणार नाही."

"मग नाही चाललं तर मारालच की. घाई काय आहे?"

बाहेर ड्रायव्हर खिडकी बडवत होते. मालक वैतागून म्हणाले, "लावा लावा, काय ते लवकर करा."

मावशींनी भाचीचा हात मशीनच्या झाकणावर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं, जागं झालं. मग कागद. एक, दुसरा, अख्खा गठ्ठा.

"आत्ता कुणाला मारलं?" मावशींनी विचारलं.

मग त्या पेटीतून एकेक फोन काढून चालू करू लागल्या आणि दर वेळी एक कागद छापू लागल्या. भाचीचा फोन, कागद आला. रिसेप्शनवालीचा, आला. पैलवानाचा, आला. पेटीत मालकांचा तेवढा उरला, नवाकोरा.

"विधी मोडताय तुम्ही," बाबा ओरडले आणि वायर फिरवली. ती मावशींच्या दंडावर बसली. रक्त आलं. मावशींनी पेटी सोडली नाही. वायर पुन्हा वर गेली ती वरच राहिली. पैलवानाने ती मुठीत धरली होती, आणि दुसऱ्या हाताने बाबांना भिंतीवर असं आपटलं की घड्याळ खाली आलं.

"मालक," मावशी म्हणाल्या, "तुमचा फोन."

मालकांनी फोन चालू केला. मशीन अर्ध्या कागदावर थांबलं.

मावशींनी काळं फडकं ओढून काढलं. पडद्यावर ठळक अक्षरांत ओळ होती: हा नेटवर्क पत्ता दुसरं उपकरण वापरत आहे. मावशींनी मेकॅनिकला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मशीनचा तो पत्ता, म्हणजे नंबर, मीच हाताने घालून दिला होता," मेकॅनिक म्हणाला. "आणि वायफायचा राउटर येईल त्या फोनला आपल्या मनाने नंबर वाटतो. तुमच्यापैकी कुणाला तरी मशीनचाच नंबर मिळतोय. दोन घरांना एक नंबर दिला, तर पोस्टमन जाणार कुठे? पण हे पडद्यावर येतंच की, मावशी. कुणी वाचलं नाही?"

सगळ्यांच्या नजरा मालकांच्या फोनकडे वळल्या. मालकांनी हा फोन भाची लागली त्याच आठवड्यात घेतला होता, पेढ्यांसकट सगळ्यांना दाखवला होता.

भिंतीपाशी बसलेल्या बाबांनी शेवटचा डाव टाकून बघितला. "म्हणजे लहर मालकांच्या फोनात शिरली."

"मग मारा मालकांना," मावशी म्हणाल्या. जाळीबाहेरचे ड्रायव्हर खदखदून हसले.

मेकॅनिकने सांगितला तसा मावशींनी मशीनला वेगळा नंबर घातला, राउटर कधीच वाटणार नाही असा. मशीन चालू झालं. मालकांचा फोन चालू, भाची शेजारी, आणि कागद येतच राहिले.

मालकांनी घसा साफ केला. "चला, तांत्रिक भानगड होती म्हणायची. विषय संपला. काल पोरगी जरा पडली, तिला दोन दिवस रजा द्या."

"मशीनचा विषय संपला," दंडाला रुमाल बांधत मावशी म्हणाल्या. "तुमचा नाही. एक ओळ वाचायची होती. एकेक गोष्ट बदलून बघायची होती. त्याला ना शिक्षण लागतं ना सिद्धी. उद्या दुसरं काही बिघडेल. तेव्हा आधी बघा, मग विचारा, आणि तरी कळलं नाही, तर कळलं नाही म्हणा. पण माणसावर हात टाकू नका."

रिसेप्शनवाली हळूच म्हणाली, "पण पडलीच ना ती... ओल्या फरशीवर..."

"फरशी कोरडी होती," पैलवान म्हणाला. वायर अजून त्याच्या हातात होती. त्याने ती मालकांच्या टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच भाचीकडे बघितलं. "ती पडली नाही. मी तिचे हात धरले, मालक, तुम्ही दार लावलंत, आणि ह्या बाबाने तिला मारलं. पोलीस स्टेशनला मी हेच सांगणार आहे."