डावी काख

मत्सर वाईट, असं सांगणाऱ्यांना धाकटी जाऊ नसते. असली तरी ती त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्या समोरच्या टेबलावर बसत नसते. मला आहे आणि बसते. तेव्हा उपदेश नको.

मी अठरा वर्षं घाम थांबवते. लोकांचा. काखेत लावायच्या रोल-ऑनमध्ये खरं काम करतं ते ॲल्युमिनियमचं एक मीठ. बाकी सगळा सुगंध आणि बाटलीचा थाट. ते मीठ घामाच्या छिद्राशी जातं, तिथं त्याचं जेलीसारखं बारीक बूच बनतं आणि घाम आतच राहतो. बूच जितकं चांगलं तितकी काख कोरडी. ते बूच नीट बसावं म्हणून मी अठरा वर्षं घातली. केस पांढरे झाले ते वेगळंच.

छोटीला इथं आणली ती मीच. छोटी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. घरात ती छोटी आणि मी मोठी, नावानं आम्हाला कोणी हाकच मारत नाही. रसायनशास्त्र शिकलेली पोर घरात बसून काय करणार, म्हणून पाच वर्षांपूर्वी मी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमकडे शब्द टाकला. आणि कानामागून आली ती तिखट झाली!

झालं असं. माझ्या एका जुन्या वहीत कॅल्शियम घालून केलेला प्रयोग होता. बूच काही धरेना, म्हणून मी पानावर आडवी काट मारली आणि खाली लिहिलं, 'वेळ फुकट.' छोटीनं ती वही मागून नेली. रीतसर, 'ताई, वाचायला देता का?' असं म्हणून. दोन वर्षांनी तेच पान उजळून घेऊन आली. मीठ माझ्या निम्मं, जोडीला कॅल्शियम, आणि कपड्याला डाग नाही. माझ्या मिठाचा डाग पडतो, पांढरा. हे मला कोणी सांगायला नको, तरी मॅडम दर बैठकीत सांगतात.

चोरी केली असती तर किती बरं झालं असतं! भांडता तरी आलं असतं. पण हिनं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं, 'मूळ कल्पना ताईंची.' असल्या माणसाचं करायचं काय? मी घरी येऊन भांडी आदळली.

या वर्षी मॅडमनी स्पष्टच सांगितलं. दोघींपैकी एकीचाच पदार्थ पुढे जाईल. जिचा जाईल ती गटाची प्रमुख, दुसरी तिच्या हाताखाली. म्हणजे अठरा वर्षांनंतर मी छोटीकडे जाऊन रजा मागायची! त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हरले तर राजीनामा देईन." आमचे हे म्हणाले, "भाजी वाढ जरा." सासूबाईंनी पातेलं माझ्याकडे सरकवलं. छोटीनं मान खाली घातली. तिची ती खाली घातलेली मानसुद्धा मला खुपली.

सासूबाईंचं सांगायला हवं. छोटीनं पाणी उकळलं तरी त्यांना वाटतं, काय सुंदर उकळलंय! छोटी हसली की घर हसतं, छोटी शिंकली की आल्याचा चहा होतो. मी पगार झाला म्हणून त्यांना नवी चप्पल आणली, तर म्हणाल्या, "ठेव तिथं." पाच वर्षं मी हे 'ठेव तिथं' ऐकते आहे.

आता गंमत ऐका. सासूबाईंना घाम फार. चाचणीसाठी बायका निवडायच्या होत्या, तेव्हा छोटीनंच त्यांना आणलं. वीस मिनिटांत एकेका काखेतून सहाशे मिलिग्रॅम! मॅडम म्हणाल्या, "सोनं आहे हो तुमची सासू." सासूबाई आठवडाभर मान ताठ करून चालत होत्या. मोठ्या चाचणीत नातेवाईक घेत नाहीत, पण ही सहा बायकांची पहिली लहान चाचणी होती आणि सगळं झाकूनच होणार होतं, म्हणून मॅडमनी चालवून घेतलं.

झाकून म्हणजे असं. सतरा दिवस बायकांनी काखेला काही लावायचं नाही. पावडर नाही, अत्तर नाही, फक्त आम्ही दिलेला पांढरा साबण. मग चार दिवस रोज सकाळी नर्स एका काखेत एक पदार्थ लावणार, दुसरीत दुसरा. कोणाच्या कुठल्या काखेत काय, ते मॅडमनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं आणि पाकिटात बंद केलेलं. पाचव्या दिवशी गरम खोली. अडतीस अंश, खिडकी नाही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आधी चाळीस मिनिटं नुसतं बसायचं, मग काखेत वजन केलेल्या कापसाच्या घड्या, वीस मिनिटं. घड्या डबीत बंद करून माझ्याकडे येणार. वजन मी करते. माझ्या हातावर सगळ्यांचा विश्वास आहे.

म्हणजे बघा, एका सासूच्या दोन काखांत दोन सुना. आणि कुठली कुठं, कोणालाच माहीत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी डब्या आल्या. पाच बायकांचे आकडे साधे, चाळिसाच्या आसपास टक्के घाम कमी, दोन्ही काखांत उन्नीस-बीस. मग सासूबाईंची डबी उघडली. उजवी त्रेचाळीस टक्के, ठीक. डावीचा कापूस उचलला तर हाताला कोरडा. काटा पुसून पुन्हा वजन केलं. सहाशे बाराचे सत्तेचाळीस झाले होते. ब्याण्णव टक्के!

मला माझं मीठ ठाऊक आहे. त्यानं जन्मात कधी पन्नाशी ओलांडलेली नाही. छोटीचंही पाहिलंय, तेही माझ्याहून फार पुढे नाही. बाकी पाच बायकांत जे चाळिशीला अडलं, ते आमच्याच सासूच्या काखेत ब्याण्णवला कसं पोचलं? कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि पाणी मुरतंय म्हणजे छोटीकडेच मुरणार, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती.

घरी आले ती थेट न्हाणीघरात गेले. साबणाशेजारी तुरटीचा खडा होता. मामंजी दाढीनंतर लावायचे तो. निवृत्त झाल्यापासून मामंजींनी दाढी वाढवली आहे. तीन वर्षं तो खडा वरच्या फळीवर धूळ खात होता. आता तो खाली होता, ओला, आणि एका अंगानं झिजून गुळगुळीत झालेला. तुरटी म्हणजे माझ्या मिठाची थोरली मावशीच. रोज दाबून घासली तर काखेत वाळवंट होईल.

तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी खडा त्यांच्यापुढे ठेवला.

"आई, हे काय?"

"तुरटी."

"कोणी लावली?"

"मी."

"किती दिवस?"

"तीन. आणि आज. सवय लागली गं, बरं वाटतं."

"काही लावायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"पावडर लावायची नाही म्हणाली होतीस. पावडर कुठं लावली?"

मग माझा तोल गेला. पाच वर्षांचं सगळं बाहेर आलं. ते उकळलेलं पाणी, ती चप्पल, तो आल्याचा चहा. "तिला जिंकवायला तुम्ही खोटेपणा केलात! माझी अठरा वर्षं गेली यात, आई. तुम्हाला छोटी लाडकी आहे, असू दे. पण माझ्या पोटावर पाय देऊन? तिनंच सांगितलं असणार!"

सासूबाईंनी हातातली घडी पूर्ण केली, मग म्हणाल्या, "झालं?"

ढिगातून त्यांनी स्वतःचा गडद निळा गाऊन ओढला आणि डावी बाही माझ्यासमोर उलटी केली. काखेत पांढरा डाग होता. धुऊनही न गेलेला, कडेला दाट आणि मधे विरळ. मी तो कुठंही ओळखला असता. माझ्या मिठाचा डाग होता तो.

"अठरा वर्षं तुझे कपडे दोरीवर मी घालते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी कळलं मला, डावीकडे तू आहेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतेय बाई."

मी खाली बसले.

"माझ्यासाठी?"

"मग काय शेजारणीसाठी? राजीनामा देईन म्हणालीस. तू दिवसभर घरात बसलीस तर आम्ही म्हातारा-म्हातारीनं जायचं कुठं?"

मला हसू येईना. त्यांनी गाऊनची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "छोटी हरली तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडेल आणि उठून चहा घेईल. तू येणार आहेस का माझ्याकडे? नाही येणार. म्हणून म्हटलं, तू हरायलाच नको."

"मग कधी एक शब्द चांगला का बोलत नाही माझ्याशी?"

"भीती वाटते. तुला काही म्हटलं की तू आधी ते काट्यावर ठेवून बघतेस."

खरं होतं ते.

"मी कोणाला सांगायची नाही," त्या म्हणाल्या आणि पुढचा टॉवेल उचलला.

खोटं कशाला बोलू, सकाळी मी तक्त्यावर सहाही जणींचे आकडे लिहिले आणि खाली सहीही केली. सहाचा हिशेब तोंडी करता येत होता. सासूबाईंचा आकडा धरला तर मी जिंकत होते. त्यांना वगळलं तर काय, ते पाकिटालाच ठाऊक; पण आकडे इतके जवळ होते की कसंही होऊ शकत होतं. कोण विचारणार होतं? म्हातारीच्या घामाचा काय भरवसा! छोटी समोरच्या टेबलावर नळ्या धूत होती. मला बघून हसली. तिला हरवायचं होतं मला, मनापासून हरवायचं होतं. अजूनही हरवायचंय. पण माझ्या मिठानं. बाजारात खड्यानं मिळते त्या तुरटीनं छोटीला हरवायचं, तर अठरा वर्षं मी काय केलं?

पेन घेतलं आणि सासूबाईंच्या ओळीवर आडवी काट मारली.

मॅडमच्या खोलीत आम्ही तिघीच होतो. मी सांगितलं, "ही सहावी ओळ धरू नका. यांनी घरी तुरटी लावली होती."

"तुमच्या सासूबाईंनी?" मॅडमनी चष्मा काढला. "बरं." त्यांनी पाकीट फोडलं आणि पाच बायकांचे आकडे मांडले. छोटीचे चव्वेचाळीस टक्के, माझे एक्केचाळीस.

"तीन टक्के," मॅडम म्हणाल्या. मग त्यांची नजर काट मारलेल्या ओळीवर गेली, तिथून पाकिटातल्या कागदावर. "पण डाव्या काखेत तर तुमचाच पदार्थ होता. ही ओळ धरली असती तर तुम्ही जिंकला असता."

"हो."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"काल संध्याकाळपासून."

मॅडम कौतुक थेंबाथेंबानं करतात. त्या दिवशी त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याशी हात मिळवला. मग छोटीचं अभिनंदन केलं. मी पण केलं. जीभ जड झाली होती, पण केलं.

बाहेर आलो. मला वाटलं, आता ही गळ्यात पडणार, रडणार, 'ताई, तुम्ही किती मोठ्या मनाच्या' म्हणणार. मी दात आवळून तयार होते. पण छोटीनं तसलं काही केलं नाही. गरम खोलीच्या दारापर्यंत आम्ही तशाच चालत आलो. तिथं ती थांबली.

"ताई, आईंनी तुरटी तुमच्यासाठी लावली?"

"हो."

"मुद्दाम? त्यांना माहीत होतं तुमची काख कुठली ते?"

"माहीत होतं. चार दिवस लावली, चोरून."

तिनं खालचा ओठ चावला. जिंकली होती ती. प्रमुख झाली होती. आणि डोळे भरून आले होते, पण आनंदानं नव्हे.

"मला वाटायचं, त्यांना मी..." ती म्हणाली. "माझ्यासाठी त्यांनी असलं कधी केलं नसतं. कौतुक काय, तोंडानं कोणीही करतं."

तो आवाज मी ओळखला. पाच वर्षं तो माझ्याच पोटात राहत होता. छोटी माझ्यावर जळत होती! देवाशपथ सांगते, सकाळपासून पहिल्यांदा मला गार वाटलं.

मांडीवर डोकं ठेवून रडण्याचं ते वाक्य अगदी माझ्या ओठावर आलं होतं. ते ऐकलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता. मी नाही सांगितलं. उद्यापासून ती माझी साहेब. सांगेन कधीतरी, रजा मागायची असेल त्या दिवशी.