कडीजवळची जस्ताची फुलं

मी एक जुनी जस्ती पट्टी आहे, मित्रांनो, करंगळीएवढी. पाहून नाक मुरडू नका, एके काळी मी चांगली घागरभर पाणी पेलणारी बादली होते.

कारखान्यात मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं आणि गार होता होता अंगभर फुलं उमटली. जस्ताला ती आपोआपच येतात, पण मला तो माझाच थाट वाटे. साठ सालच्या सुमारास वलवणच्या येसूबाईला तिच्या आईनं लग्नात मला दिलं. वर्षभरात आई गेली. तिची म्हणून मीच काय ती उरले.

मग माझे लाड काय विचारता! माहेरी तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासत, तशीच येसूबाई मला घासायची. शेजारणी म्हणत, बादली असावी तर अशी. मला गुदगुल्या होत. फुलं मात्र एकेक करून मावळत होती. पुढे तळाला गंज धरला, पाणी ठिबकू लागलं. तिनं आणखी चिंच लावली.

येसूबाई जवळच्याच तुंगार्लीच्या एका बंगल्यात धुण्याभांड्याला जाई. तिथल्या वासंतीबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवत. काही उपाय असेल तर बघा, म्हणून तिनं मला त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी मला उजेडात फिरवलं आणि हळूच सांगितलं, की चिंचेचं आंबट तांब्याला उजळतं, पण जस्ताला खातं.

येसूबाईनं मला जवळ ओढून घेतलं.

"म्हंजी आयची बादली म्याच खाल्ली व्हय, बाई?"

बाईंनी मला पुन्हा उजेडाकडे वळवलं. तेवढ्यात त्यांना कडीजवळची खाच दिसली. तिथं येसूबाईची बोटं पोचत नव्हती, म्हणून फुलं अजून ताजी होती. आंबटापासून जस्ताला राखणारं काही झाडपाल्यात मिळतं का, हे बाई तेव्हा शोधत होत्या. येसूबाईनंच त्यांना माहेरच्या डोंगरावरचे हिरडे आणून दिले होते. तेवढा तुकडा प्रयोगाला देशील का, असं त्यांनी विचारलं. तो वाचेलच, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. येसूबाई बराच वेळ माझ्या कडीवरून हात फिरवत राहिली.

"ऱ्हायलं काय, तर मला द्या," ती शेवटी म्हणाली.

पत्रेवाल्यानं दोन पट्ट्या कापल्या, मी आणि माझी बहीण. दोघींना आंबट पाण्याच्या बाटल्यांत सोडलं. फक्त माझ्या पाण्यात हिरड्याचा काढा होता. खिडकीबाहेर तुंगार्लीच्या तलावावरचं धुकं येई, जाई. बहिणीच्या अंगावरून बारीक बुडबुडे सारखे वर चढत. मला वाटे, ती गाणं म्हणतेय. ती विरत होती. माझ्या अंगावर काढ्यातलं काहीतरी सायीसारखं पातळ धरलं होतं. त्या पिवळसर पाण्यात येसूबाईच्या माहेराचा वास घेत मी अर्धवट झोपेत पडून असे.

बाईंनी आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा बहिणीचा नुसता काळा पत्रा उरला होता. झीज माझीही झाली होती. फुलं फिकटली होती, पण होती.

येसूबाईनं मला तळहातावर घेतलं. सवयीनं तिचा अंगठा घासायला पुढे आला आणि तिथंच थांबला. तिनं मला पदरानं नुसतं टिपलं.

"आता न्हाई घासायची, आये," ती म्हणाली.

मित्रांनो, ज्याला जपाल त्याला काय सोसतं, ते आधी पाहा. माझे लाड पुष्कळ झाले, पण त्या थांबलेल्या अंगठ्याएवढी माया मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.