बांधीच्या मातीवानी

"माती हा एक जिवंत समाज आहे, आणि समाजाला समजून घ्यावं लागतं," असं सेवकराम गुरुजी बादलीकडे पाहून गंभीरपणे म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून न विचारता आणलेला गुळाचा खडा त्यांनी तिच्यात सोडला. समाजानं एक बुडबुडा काढला. आतून गोदावरीबाईंनी विचारलं, की गुळाच्या डब्याचं झाकण कोणी उघडं टाकलं. यावर समाज गप्प राहिला आणि गुरुजीही.

पवनीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून गुरुजी कोंढ्याला घरी बसले होते, आणि बसल्या बसल्या त्यांना परसातल्या वांग्यांची काळजी लागली होती. बादलीत पाणी, पाण्यात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली कंपोस्टची पोटली, आणि तळाशी हवा सोडत गुरगुरणारा पंप. पंप भंडाऱ्याहून आणलेला, मासोळ्यांच्या काचपेटीचा. एक दिवस-रात्र अशी हवा मिळाली, की गूळ खाऊन जिवाणू वाढतात, वर फेस येतो. मग गाळायचं, पाणी मिसळायचं आणि लगेच झाडांच्या बुडाशी घालायचं. गुरुजी याला खताचा चहा म्हणत. तलावातल्या मासोळ्यांना हवा फुकट, आणि गुरुजींच्या बादलीत मासोळी नसताना तिला लाइटीवर हवा, हे मात्र गावाला पटायला जड गेलं होतं.

या चहाची परीक्षा एकच, ती वासाची. जमला तर त्याला नांगरलेल्या धानाच्या बांधीसारखा, भातखाचरासारखा, मातीचा वास येतो. मध्येच हवा थांबली तर तो सडतो. सडलेला फेकून द्यायचा, झाडाला घालायचा नाही, असं मोबाइलवरच्या माहितगार माणसानं बजावून सांगितलं होतं. गुरुजींना परीक्षक शोधावा लागला नाही. तो घरातच होता.

गोदावरीबाईंचं नाक गावात प्रसिद्ध होतं. लग्नघरी तूप कढवलं की आधी त्यांना बोलावणं जाई. कोठीतल्या धानाला ओल लागली की नाही हे त्या दारातूनच सांगत. कोणाच्या घरी आज काय शिजतं आणि कोण ते लपवतं, हेही त्यांना रस्त्यानं जाता जाता कळे, त्यामुळे त्यांच्याशी सगळे अदबीनं वागत. गुरुजींना गावात नमस्कार मिळे तो शिक्षणामुळे. गोदावरीबाईंना मिळे तो नाकामुळे, आणि तो जरा जास्त वाकून असे.

त्या पहाटे लाइट गेली. धान निघून गेलं होतं, पूस महिन्याची थंडी पडली होती आणि गुरुजी पांघरुणातून उठले नाहीत. उठले तेव्हा पंप मुका झाला होता. कान, तोंड, नाक असं सगळं दुपट्ट्यात गुंडाळून ते बादलीजवळ गेले, तरी दुपट्ट्याच्या दोन्ही पदरांतून वास आत आला. बादलीवर फेस नव्हता. काळपट साय होती.

निकाल उघड होता. पण परीक्षकाच्या सहीशिवाय निकाल लावायची गुरुजींना सवय नव्हती. त्यांनी हाक मारली.

गोदावरीबाई पदराला हात पुसत आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड दुपट्ट्यात होतं. नुसते डोळे दिसत होते, आणि भूगोलाच्या मास्तराच्या डोळ्यांतून आजवर कोणाला काही कळलेलं नाही. त्या क्षणभर थांबल्या. मग बादलीवर वाकून त्यांनी लांब श्वास घेतला.

"बरा आहे जी," त्या म्हणाल्या. "बांधीच्या मातीवानी येऊन राहिला."

गुरुजींना वाटलं, थट्टा आहे. ते हसणार होते. पण गोदावरीबाई हसण्याची वाट पाहत नव्हत्या. पदराचा काठ मुठीत घट्ट धरून त्या त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होत्या.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला होता. त्यानंतर एकदा वरण तळाला लागून घरभर धूर झाला, तेव्हा मुलाचा, प्रवीणचा, फोन सुरू होता, लक्ष नव्हतं, असं त्या म्हणाल्या होत्या. शेजारच्या मंदाबाईच्या पोरीच्या लग्नात तूप पाहायला बोलावलं, तर गुडघे दुखतात म्हणून गेल्या नाहीत. तुपाचा वास घ्यायला गुडघे लागत नाहीत, हे गुरुजींना तेव्हा सुचलं नव्हतं. आणि बादलीजवळ आल्यावर त्या दर वेळी आधी आपल्या तोंडाकडे पाहतात, हा उतारवयातल्या प्रेमाचा प्रकार असावा, असं समजून ते मनातल्या मनात सुखावत आले होते.

दुपट्टा सोडावा की नाही, हे ठरायच्या आत कुंपणापलीकडून मंदाबाई आल्या. त्यांच्या नाकाला पदर होता.

"काय मेलं जी गुरुजी? घरात बसू नाई देऊन राहिला वास."

गोदावरीबाईंनी मंदाबाईच्या पदराकडे पाहिलं. मग बादलीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरताना गुरुजींनी पाहिला.

"उंदीर," गुरुजी म्हणाले. "नालीत मेला. आता काढतोच."

गोदावरीबाईंनी मुठीतला पदर सोडून नाकाला लावला.

"मी पहाटपासून सांगून राहिली ना यायले," गोदावरीबाई म्हणाल्या, "का उंदीर मेला म्हणून. आयकते कोण."

"तुमचं नाक काय सांगू बाई. तुमाले त तो मरायच्या आधीच कळला असन."

"कळला होता," गोदावरीबाई म्हणाल्या.

मंदाबाई गेल्या असत्या तर बरं झालं असतं. पण उंदीर निघाल्याशिवाय त्या हलायला तयार नव्हत्या. गुरुजी फावडं घेऊन नालीकडे गेले. पाठमोरे बसून बराच वेळ त्यांनी काडीनं काही तरी केलं, आणि वाफ्याकडेला पडलेलं एक सडकं वांगं पेपरात गुंडाळून परसाच्या कोपऱ्यात पुरलं. पुरताना त्यांनी चेहरा दुःखी ठेवला. दुपट्ट्यामुळे तो कोणाला दिसला नाही. मंदाबाईंचं समाधान झालं आणि जाता जाता त्या म्हणाल्या, की आता वास कमी झाला.

मग परसात दोघंच उरले, आणि बादली.

"टाका मंग झाडायले," गोदावरीबाई म्हणाल्या. "ठेवला त खराब होईन, तुमीच म्हणता ना."

फेकायचा म्हटलं तर का फेकायचा, हे सांगावं लागलं असतं. वांगी ओळीनं उभी होती, फुलावर आलेली. वर्षभरात गुरुजींनी सगळ्यात जास्त गप्पा त्यांच्याशीच मारल्या होत्या. त्यांनी चहा गाळला, नेहमीच्या दुप्पट पाणी मिसळलं, श्वास रोखला, आणि एकेका झाडाची मनातून माफी मागत तांब्या तांब्यानं तो बुडाशी ओतला. गोदावरीबाई शेवटचा तांब्या होईपर्यंत उभ्या होत्या.

त्या दिवसापासून गॅसचं बटण गुरुजी स्वतः तपासू लागले. नळी जुनी झाली आहे, असं कारण त्यांनी दिलं. नळी नवीन होती. पुरलेल्या उंदरासारखी तीही कोणी काढून पाहिली नाही.

पुढच्या खेपेला लाइट गेली नाही. थंडी मात्र वाढली होती. गुरुजी सकाळी बादलीजवळ गेले, वर पांढरा फेस पाहिला, आणि दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला. कान लाल झाले. मग त्यांनी हाक मारली.

गोदावरीबाई आल्या. उघड्या कानांकडे त्यांनी पाहिलं.

"दुपट्टा बांधा जी. थंडी काय म्हणून राहिली."

"आधी तू वास सांग."

गुरुजींनी बादलीवर नाक नेलं आणि मोठा श्वास घेतला. मग त्यांनी मान वर केली आणि आपला चेहरा वर्गात नकाशा धरावा तसा त्यांच्यासमोर धरून ठेवला.

गोदावरीबाई पाहत राहिल्या. बादलीकडे त्या वाकल्या नाहीत. पुढे होऊन त्यांनी गुरुजींच्या खांद्यावरचा दुपट्टा उचलला, दोन्ही कान झाकून हनुवटीखाली गाठ मारली, आणि गाठ जरा जास्तच आवळली.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "बांधीच्या मातीवानी."

गुरुजींनी चहा गाळला, पाणी मिसळलं आणि झाडांच्या बुडाशी घातला. त्या हंगामात वांग्यांना फळ पोखरणारी अळी लागली. तिच्यावर या चहाचा काही उपयोग नसतो.