सौम्य शब्दांत

मामांनी शब्दकोशाचा तिसरा खंड शेल्फातून काढला आणि नेहमीसारखा दोन्ही हातांनी घट्ट मिटून धरला, कारण त्यात पत्र होतं.

शाळेच्या ग्रंथालयात मागणीच्या चिठ्ठ्यांसाठी एक लाकडी पेटी असे. ग्रंथपाल म्हणून प्रत्येक चिठ्ठीला आठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, हा नियम मामांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाच चिठ्ठीला उत्तर गेलं नाही. दहावीतल्या एका मुलानं वहीचं पान फाडून लिहिलं होतं : ‘सर, मला मुलगेच आवडतात. अशा मुलावरचं पुस्तक आपल्याकडे आहे का? असलं तर त्यात तो शेवटी मरतो का? उत्तर घरी पाठवू नका.’ खाली त्याच्या मावशीच्या शिलाईच्या दुकानाचा पत्ता होता आणि पत्त्याखाली आणखी दोन ओळी. त्या मामांनी एकदाच वाचल्या होत्या, बत्तीस वर्षांपूर्वी.

आज मात्र शब्दकोश वेगळ्या कामासाठी हवा होता. भाची चित्रपट करत होती. घरातून हाकललेल्या, शाळेत मार खाल्लेल्या, स्वतःचाच राग राग करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या समलिंगी मुलांवर. चित्रपट अर्धा झाला आणि पैसे संपले. देणगीसाठी पत्रक लिहायचं काम तिनं मामांवर टाकलं, कारण घरात कुणाचंही निमंत्रण असो की श्रद्धांजली, ते मामांनीच लिहायचं असा रिवाज होता. पत्रक जवळजवळ झालं होतं. एकच शब्द अडत होता. त्याच्या जागी दुसरा, जरा सौम्य शब्द मिळतो का, ते मामा बघत होते.

तासाभरानं त्यांना अख्खी ओळ सापडली. ‘वाढत्या वयातील मुलांच्या मनातील नाजूक ताणांचा वेध घेणारा चित्रपट.’

भाचीनं रक्कम आणि फोन नंबर तेवढा तपासला.

“तुझं लिहिलेलं काय वाचायचं, मामा? थेट छापायलाच टाकते.”

दोनशे प्रती निघाल्या. नवव्या दिवशी वह्यांच्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. उरलेला सगळा खर्च ते एकटे उचलायला तयार होते.

कारखान्याच्या ऑफिसात खळीचा वास होता. काचेच्या कपाटात शंभरपानी, दोनशेपानी वह्या रांगेनं उभ्या होत्या. मालकांनी स्वतः चहाचे कप पुढे केले.

“परीक्षेचा ताण!” ते म्हणाले. “काय नेमकं पकडलंत हो. आमच्या धाकट्याला पेपरच्या आदल्या दिवशी हमखास ताप भरायचा.”

“परीक्षेचा?” भाची म्हणाली.

त्यांनी पत्रक तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. मग परत वाचलं. मामांकडे तिनं पाहिलं नाही.

“साहेब, यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. हा सिनेमा समलिंगी मुलांवर आहे.”

मालकांनी आधी दार लागलं आहे ना, ते पाहिलं.

“म्हणजे... तसल्या?”

“तसल्या म्हणजे कसल्या?”

“चिडू नका हो. मी मुलांच्या वह्या करतो. मागच्या पानावर सुविचार छापावे लागतात मला.” त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. “एक करा. पोरं तीच ठेवा. फक्त जिवलग मित्र दाखवा. आणि शेवटी दोघांना पास करा. उद्या चेक घेऊन जा.”

“आणि ज्याला बापानं पट्ट्यानं मारलं, त्याचं काय करू? नापास झाला म्हणून मारलं, असं दाखवू?”

“हां!” मालक खूश झाले. “बघा, जमलं की!”

भाची उठली, तशी खुर्ची मागे कलंडली. तिनं ती उचलली नाही. मामांनी उचलली, नीट टेबलाखाली सरकवली आणि म्हणाले, “चहा छान होता. आभारी आहे.”

जिन्यात ती वळली.

“आभार? कशाचे आभार मानलेस?”

“सवयीनं गेलं तोंडातून.”

“सवयच तुझी ती. मी न वाचता छापलं, ते माझं चुकलं. पण तू तर शोधून शोधून पुसलंस! त्या पट्ट्याच्या मुलाला मी पत्रक दिलं होतं, मामा. मला म्हणाला, ताई, आपण नाजूक ताण आहोत होय? हसत होता. मला वाटलं, काहीतरी थट्टा करतोय.”

“लोक घाबरतील म्हणून मी जरा...”

“लोक नाही. तू.”

एरवी जिना उतरताना ती मामांचं कोपर धरायची. आज ती भराभर उतरून गेली. मामा कठड्याला धरून एकेक पायरी खाली आले.

घरी टेबलावर उरलेली पत्रकं होती.  मामा दहा-दहाचा गठ्ठा करून ती फाडायला लागले. रागवायची सवय नव्हती, त्यामुळे हात धड चालेनात. कागद आडवातिडवा फाटत होता, बोट कापलं, तरी ते थांबले नाहीत. वेध, नाजूक, वाढत्या वयातील. त्या मालकाचा त्यांना राग येईना. त्या माणसानं जे लिहिलं होतं तेच वाचलं होतं.

सगळी पत्रकं संपल्यावर त्यांनी तिसरा खंड उघडला आणि पत्त्याखालच्या ओळी वाचल्या.

‘सर, मला वाटतं, तुम्हीही माझ्यासारखेच आहात. नसाल तर हे पत्र फाडून पेटीखालच्या टोपलीत टाका. मी बघेन.’

तो बघत होता. आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत येऊन तो टोपलीत डोकवायचा आणि मग मामांकडे न बघता निघून जायचा. टोपलीत काही नसायचं. मावशीच्या दुकानातही काही पोहोचलं नाही. मग तो यायचा बंद झाला. दुकान अजून होतं. बसनं त्या रस्त्यानं जाताना मामा पलीकडच्या बाजूला बसत.

त्यांनी भाचीला फोन लावला.

“काय आहे?” तिचा आवाज अजून चढलेलाच होता.

“तुझ्या सिनेमातला मुलगा शेवटी मरतो का?”

“नाही. अजिबात नाही. का?”

“एकाला कळवायचं आहे.”

 मामांनी फोन ठेवला.

आधी त्यांनी पत्रक नव्यानं लिहिलं. या वेळी शब्दकोश उघडला नाही. तो शब्द पहिल्याच ओळीत आला. मग दुसरा कागद घेतला.

‘तुझं पत्र मी फाडलं नाही. टोपली रिकामी होती, त्याचा अर्थ तू लावला होतास तोच. एवढं लिहायला मला बत्तीस वर्षं लागली. तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे. तू विचारलं होतंस तसं पुस्तक आपल्याकडे नव्हतं. आता एक चित्रपट होतो आहे. त्यात तो मरत नाही. खात्री करून घेतली आहे. सोबत पत्रक जोडलं आहे. पैशासाठी नाही, वाचण्यासाठी.’

सकाळी पोस्टात खिडकीपाशी त्यांच्यापुढे दोघंच होते. कारकुनानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“दुकानाचा पत्ता दिसतोय. माणूस तिथं असतो ना?”

“माहीत नाही.”

“मग परत कुठं पाठवू? मागं तुमचं नाव घाला, आजोबा. रजिस्टर असंच जात नाही.”

मामांनी खिशातलं पेन काढलं. मागचे लोक पाय बदलत उभे होते. त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, घराचा पत्ता लिहिला आणि अक्षर नीट लागतं का, ते एकदा वाचून पाहिलं. मग पाकीट खिडकीतून आत सरकवलं.