चार नंबरच्या केबिनचं दार

केबिनच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच गंगाराम थबकला. ते दार त्याच्या घराचं होतं.

१९८६ चा जानेवारी. मुलाच्या, दिलीपच्या, कंपनीने कामगारांना घरच्यांसकट दोन रात्री कॅम्पला नेलं होतं, पनवेलच्या पुढे, गाढी नदीच्या खोऱ्यात. सागाच्या झाडीत दहा लाकडी केबिनी, मधे जेवणाची शेड, खाली नदी. वाशीच्या फ्लॅटमध्ये दिवसदिवस गप्प बसणाऱ्या बापाला जरा हवापालट व्हावा म्हणून दिलीप आणि त्याची बायको सुनीती त्यालाही घेऊन आले होते. पाच वर्षांची नात तर उतरल्याबरोबर पाण्याकडे पळाली होती.

केबिनच्या फळ्या नव्या होत्या, दार मात्र जुनं. खालच्या कोपऱ्यात तेलाच्या डब्याचा पत्रा, सात खिळ्यांनी ठोकलेला, सातवा वाकडा. तो ठोकताना गंगारामने स्वतःचा अंगठा ठेचून घेतला होता. टाउनशिपच्या रस्त्यात त्यांची खाडीकाठची वाडी गेली, घरं पडली आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने दारं-वासे ट्रकमध्ये भरून नेले, त्याला बारा वर्षं झाली होती.

त्याच्याही दोन वर्षं आधी गंगारामची बायको रखमा खाडीवर चिंबोऱ्या धरायला गेली आणि परतली नाही. लोक होड्या घेऊन फिरले. ती सापडली नाही. गंगारामने तिचं दहावं-बारावं करू दिलं नाही. घर पडेपर्यंत त्याने दाराला कधी आतून कडी लावली नाही, आणि वाशीला आल्यावर एकच विचार त्याला पोखरत राहिला: आता ती आली तर कुठे येईल? हे त्याने कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला दारावर दोनदा धप्प धप्प झालं आणि पाठोपाठ बांगड्या किणकिणल्या. डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी धरलेली असायची, म्हणून रखमा असं कोपराने दार ढोसायची. सुनीतीने उघडलं. बाहेर कोणी नव्हतं, पायरी तेवढी ओली होती.

कॅम्पचा राखणदार देवजी म्हणाला, हे दार बसवलं तेव्हापासून रोज दिवेलागणीला असंच चाललंय, या केबिनीत कोणी दुसरी रात्र काढत नाही. हवी तर दुसरी देतो. सुनीती लगेच सामान आवरायला लागली. गंगारामने तिला हाताने थांबवलं. तुम्ही जा, म्हणाला, मी इथेच झोपतो. शेवटी दिलीप बायकोला आणि मुलीला घेऊन दुसऱ्या केबिनीत गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला. शेडपाशी शेकोटी पेटली, गाणी सुरू झाली. गंगाराम गुडघ्याचं निमित्त सांगून केबिनीत बसून राहिला. उजेड कमी होत गेला, तसा आत खाडीच्या चिखलाचा वास पसरला. खाडी तिथून कितीतरी मैल लांब होती.

धप्प. धप्प.

तो उठला, कडीला हात घातला. चौदा वर्षं त्याने याचीच वाट पाहिली होती. तेवढ्यात बांगड्या पुन्हा वाजल्या, दमून आलेल्या बाईने घाई करावी तशा, आणि त्याचा हात तिथेच राहिला. ती रोजच्यासारखी कामावरून घरी आली होती. तिला काही माहीतच नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

तो दाराशी खाली बसला.

"रखमा, पाटी खाली ठेव."

बाहेर काहीतरी जड, ओलं, पायरीवर टेकलं.

"तू त्या दिवशी बुडलीस. भरती लवकर आली. आमी लय शोधली तुला, तू गावली नाय. दिलीपला आता पोरगी हाय. आपला घर पन गेला. फकस्त ह्यो दार ऱ्हायलाय."

मग पाण्याखालून यावा तसा आवाज आला. "मंग मी कुठं जाऊ?"

दार उघडावं, तिला आत घ्यावं, असं गंगारामला फार वाटलं. पण कडी काढायला हात उचलेना.

"खाली नदी हाय," तो शेवटी म्हणाला. "ती आपल्याच खाडीला जाते. तिच्या कडंकडंनं जा. मी तुझं सगलं रीतसर करतो."

ओली पावलं उतारावरून नदीकडे गेली. मग नुसती शेकोटीवरची गाणी ऐकू येत राहिली.

सकाळी ते दार उघडेना. बाहेरून भिजून इतकं फुगलं होतं, की दिलीप आणि देवजीला ते बिजागऱ्यांतून काढावं लागलं. लाकडावर पांढरी पापडी धरली होती. देवजीने बोटाने खरवडून जिभेला लावली आणि म्हणाला, "मीठ."

परतीच्या बसमध्ये गंगारामने दिलीपला सांगितलं, की या अमावास्येला आईचं सगळं करून टाकू. दिलीपला ते खरं वाटेना. इतकी वर्षं नाही म्हणालात, मग आता का, त्याने विचारलं.

"तिला सांगितलं," गंगाराम म्हणाला.

कळंबोली येईपर्यंत दिलीप बापाचा हात हातात धरून बसला होता. रात्री कडीवर थांबलेला तो हात अजून गार होता, आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या आल्या होत्या, फार वेळ पाण्यात राहिल्यावर येतात तशा.